अकारण बारा सेकंद

डोक्यावरचं लोखंडी झाकण धाडकन बंद झालं आणि पाठोपाठ कडी सरकल्याचा आवाज आला. तेव्हा मी भट्टीखालच्या खड्ड्यात, एका खांबामागे उकिडवा बसून टेपने भिंत मोजत होतो. पहिले काही क्षण मला भीतीसुद्धा वाटली नाही. “अहो, मी आहे खाली!” असं मी ओरडलो, ते निघालेली एसटी थांबवायला ओरडावं तितपतच. वर भट्टीची गुणगुण आणि चार मोठ्या पंख्यांची घरघर चालू होती. पावलं दूर गेली.

मग टॉर्चचा झोत पायाशी पडला आणि मला जमिनीवरचे थेंब दिसले. लोखंडाचे थेंब होते ते. काही साबुदाण्याएवढे, काही तळहाताएवढे, एकावर एक थिजलेले. वर भट्टी वाकवून रस ओतताना जे सांडतं, ते इथे पडतं. चौदाशे अंशांचं. हे मला माहीत होतं, माझ्याच एका अहवालात मी त्याचा तक्ता दिला होता. पण तक्ता वरच्या केबिनमध्ये बसून केला होता.

घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी स्वतःला समजावलं की चहाची सुट्टी साडेतीनपर्यंत आहे, नऊ मिनिटं हातात आहेत, माणसं परत आली की ओरडू. मी जात्याच भित्रा. भित्र्या माणसाला वेळापत्रकाचा फार आधार वाटतो.

कोल्हापूरजवळच्या त्या फाउंड्रीत मी तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून रुजू झालो होतो. हुद्दा लांबलचक होता, कार्यपद्धती सुधारणा व्यवस्थापक. थोरले मालक वारले होते आणि परदेशात शिकून आलेले धाकटे साहेब, अभिनंदन मगदूम, यांना सगळा कारखाना नव्याने उभा करायचा होता. नेमणुकीच्या दिवशीच ते म्हणाले होते, “खांबेटे, मला एका पाळीत अर्धा तास वाचवून दाखवा. तीन महिन्यांत. नाही जमलं तर तुम्ही तुमच्या वाटेने, आम्ही आमच्या.” हसत हसत म्हणाले होते, पण मला रात्री जेवण गेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी भट्टीवर गेलो तेव्हा चौगुलेमामा भेटले. भट्टीचे प्रमुख. साठीला आलेले, भुवया जळून जळून विरळ झालेल्या.

“नाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

“मी नवा कार्यपद्धती सुधारणा...”

“ती नोकरी झाली. नाव?”

“विश्वंभर खांबेटे.”

“लई मोठं हाय. घरात काय म्हणत्यात?”

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. “बंडू,” मी म्हणालो.

“बेस,” म्हणून ते आपल्या कामाला लागले.

भट्टी एकदा भरून, वितळवून, ओतली की त्याला एक हीट म्हणत. एका पाळीत सात हिटा व्हायच्या. त्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन पहिली हीट पाहिली आणि चक्रावलो. रस तयार होता. ओतायचा सोडून मामांनी हात वर केला. चारही पंखे बंद झाले, पंप बंद झाला, भट्टीची वीज बंद झाली. पंख्यांची पाती थांबेपर्यंत कोणी हललं नाही. मग त्या शांततेत मामांनी एकेकाला हाक मारायला सुरुवात केली, तीही घरच्या नावाने.

“दाजीऽऽ”

“ओ!”

“बारक्याऽऽ”

“ओ!”

“इलाहीऽऽ”

“ओ, मामा!”

एकोणीस माणसं झाली, चहा घेऊन आलेला मारुती झाला. वाटलं, संपलं. तेवढ्यात शेडभर आवाज घुमला, “बंडूऽऽ”

सगळे माझ्याकडे वळले. पिंट्या म्हणून ज्याला हाक गेली होती तो सर्जेराव नावाचा सहा फुटी गडी तोंडावर फडकं धरून हसत होता. माझे कान तापले. मी स्टॉपवॉचकडे बघत राहिलो.

“साहेब, ओ द्या,” शेजारी उभा असलेला इलाही मुजावर हळूच म्हणाला. “आवाज आल्याबिगर मामा भट्टी वाकवत न्हाईत.”

“मी समोर उभा आहे. दिसत नाही का त्यांना?”

“दिसतंय की. पर ओ द्यावी लागतीया.”

मी दिली नाही. मामाही हलले नाहीत. रस निवत होता. शेवटी मीच पुटपुटलो, “आहे.” त्यावर मामांनी मान हलवली आणि नंतर उगाचच खाली मान घालून गप्प उभे राहिले. सगळेच उभे राहिले. मी मोजलं, बारा सेकंद. मग कुठे भट्टी वाकली.

अहवालात मी लिहिलं: पंखे थांबवणे, एक मिनिट. नावे पुकारणे, तीन मिनिटे. शेवटी थांबणे, बारा सेकंद, कारण नाही. सात हिटांचे मिळून जवळजवळ अर्धा तास. पर्याय: एक मिनिटाचा भोंगा. भोंग्याचं मिनिट पंखे चालू असताना, रस तयार होता होताच वाजवायचं, म्हणजे वेळ शून्य. धाकट्या साहेबांनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात बदल, खांबेटे!”

खरं सांगायचं तर अर्धा तास मला दुसरीकडेही सापडला असता. साच्यांच्या मातीच्या गाड्या उगाच लांबून फिरत होत्या, ते मला दिसलं होतं. पण वीस माणसांसमोर मला बंडू म्हटलं गेलं होतं आणि ते मला सहन झालं नव्हतं. हे अहवालात नव्हतं.

हुकूम सांगायला मीच गेलो. मामांनी ऐकून घेतलं.

“भोंगा वाजतोय ते समद्यांला ऐकू येतंय. खरं हाय,” ते म्हणाले. “पर भोंग्याला कुठं काय ऐकू येतंय, साहेब?”

“हाका बंद, मामा. पुन्हा ऐकू आल्या तर मला वर कळवावं लागेल.” माझा आवाज चिरकला होता. दटावताना माझा आवाज नेहमी चिरकतो.

नऊ आठवडे हाक ऐकू आली नाही. अर्थात मी भट्टीवर फारसा जातही नव्हतो. वर माझी केबिन होती, एसी होता, उन्हाची झळ नको म्हणून पडदा ओढलेला असे. कागदावर रोज अर्धा तास वाचत होता. मला हुरूप आला. मी शेडमध्ये जागोजाग नियमांच्या पाट्या लावल्या. कामावर मोबाइल नको. वाटेत हातगाडी नको. उघडे झाकण दिसल्यास तत्काळ बंद करून कडी लावावी. जो चुकेल त्याच्या नावापुढे फळ्यावर लाल फुली. तीन फुल्यांना साहेबांची भेट. माणसं मला बघून वाट बदलू लागली, ते मला शिस्तीचं लक्षण वाटलं.

आणि आता पुढची सुधारणा म्हणून भट्टीखालची रिकामी जागा सामान ठेवायला वापरता येईल का, हे मोजायला मी उतरलो होतो. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मग कोणीतरी सोबत आलं असतं आणि शिडी उतरताना माझे पाय थरथरतात ते त्याला दिसलं असतं. म्हणून मी चहाच्या सुट्टीची वेळ निवडली. कोट केबिनमध्ये खुर्चीला अडकवला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. निदान माझा नियम तरी मी पाळत होतो.

तीन चोवीसला भोंगा झाला.

मी घड्याळाकडे पाहत राहिलो. हे शक्यच नव्हतं. सुट्टीची अजून सहा मिनिटं शिल्लक होती. पण भोंगा वाजत होता, अगदी डोक्यावर, मीच पसंत केलेला. दुकानदाराने तीन ऐकवले होते, त्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मी निवडला होता.

मी शिडीवर धावलो. पाय घसरला, गुडघा सोलला. वरच्या पायरीवर वाकून दोन्ही हातांनी झाकण ढकललं. ते तसूभरही हललं नाही. मी ओरडू लागलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आईला हाक मारली असावी. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. डोक्यावरचं हेल्मेट काढून झाकणावर आपटलं, ते प्लॅस्टिकचं, भद्द भद्द असा आवाज येई आणि भोंग्यात बुडून जाई. ते एक मिनिट मी कागदावर शून्य धरलं होतं.

भोंगा थांबला. मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. आवाज बसला होता. पूर्ण बसला होता.

भट्टीची गुणगुण थांबली. आता वाकणार, मला कळलं. मी शिडीवरून खाली आलो, खांबामागच्या कोपऱ्यात गेलो, तिथेही पायाखाली थेंब होते, भिंतीवर खांद्याच्या उंचीपर्यंत थेंब होते. लपायला जागाच नव्हती. माझी पँट ओली झाली होती. हे लिहायला आजही लाज वाटते, पण झाली होती.

आणि मग पंख्यांची घरघर उतरू लागली. हळूहळू, एकेक करत. भोंग्याच्या पद्धतीत पंखे बंद करायचे नव्हते. मी शिडीकडे पाहत राहिलो. शेवटचं पातं थांबलं आणि इतकं शांत झालं की मला माझे दात वाजताना ऐकू आले.

“दाजीऽऽ”

“ओ!”

मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. ही माणसं नऊ आठवडे मला फसवत होती, असं वाटलं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला हे सुचलं. मग मी शिडीवर झेपावलो आणि हेल्मेट आपटू लागलो.

“बारक्याऽऽ”

“ओ!”

भद्द. भद्द. दोन हाकांच्या मधे आपटावं तर कोणीतरी ओ देई. माझे हात भरून आले. नावांमागून नावं जात होती आणि प्रत्येक नावासोबत माझा वेळ कमी होत होता. एकोणीस होती, मला पाठ होतं. माझं नाव त्यात असायचं काही कारण नव्हतं. मीच ते बंद केलं होतं.

“मारुतीऽऽ”

“ओ, मामा!”

संपलं. मी हेल्मेट छातीशी धरून डोळे मिटले.

“बंडूऽऽ”

मी ओ म्हणालो. खरंच म्हणालो, पण ओठांच्या बाहेर काही आलं नाही. आणि त्याच क्षणी वरून इलाहीचा आवाज आला, रोजच्या सवयीचा, “बंडू हापिसात!”

“पंप लाव,” मामा म्हणाले.

पंप सुरू झाला. भट्टी वाकवणारा पंप. झाकण थरथरू लागलं, माझ्या तळव्यांना ते जाणवत होतं. मी हेल्मेट आपटत होतो आणि मला ठाऊक होतं की या आवाजात ते कोणालाही ऐकू जाणार नाही. मी रडत होतो.

“थांब!” मामांचा आवाज. “बंद कर.”

पंप थांबला.

“इलाही, बगून सांगितलंस का?”

“व्हय मामा. दिवा चालू हाय. कोट खुर्चीवर हाय.”

“कोटानं ओ दिली काय?”



“बंडूऽऽ” मामांनी पुन्हा हाक मारली. लांबलचक आणि घाई नसलेली, संध्याकाळी मैदानावरून घरी बोलवावं तशी.

त्या शांततेत मी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचे दोन तुकडे झाले. आणि घशातून काहीतरी आलं, कुत्र्याने विव्हळावं तसं.

“ओ.”

वर पळापळ झाली. कडी सरकली. उजेडात पहिला चेहरा दिसला तो कृष्णातचा, विशीतल्या त्या पोराला ‘बारक्या’ म्हणत. झाकण त्यानेच लावलं होतं. फळ्यावर त्याच्या नावापुढे दोन फुल्या होत्या, तिसरीची धास्ती होती, उघडं झाकण दिसताच आत न डोकावता त्याने कडी घातली होती. त्याने मला बखोटीला धरून वर ओढलं आणि तो तिथेच मटकन खाली बसला. माझ्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता.

मामा जवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्यांनी माझी ओली पँट पाहिली, आपल्या गळ्यातला पंचा काढून माझ्या कमरेला गुंडाळला आणि मारुतीला म्हणाले, “च्या दे साहेबांस्नी. साखर जास्ती घाल.”

“चहाची सुट्टी...” मी घोगऱ्या आवाजात इलाहीला विचारलं, “साडेतीनपर्यंत होती ना?”

इलाही पायाकडे बघत म्हणाला, “पाच मिनिटांत उरकतो, साहेब. जेवान धा मिनिटांत. तुमचा अर्धा तास तिथनं भरून काढतोय. हाका बंद न्हाई करता आल्या.” मग घाबरून, “वर कळवणार काय?”

नऊ आठवडे या माणसांनी अर्धपोटी उठून माझा तक्ता खरा ठरवला होता. आणि पाळीला सात वेळा, जो माणूस त्यांना फुल्या मारत होता, त्याला नावाने हाक मारली होती. तो कुठे आहे हे दर वेळी कोणीतरी जिना चढून पाहून आलं होतं.

मामांनी हात वर केला. “पैल्यापासनं,” ते म्हणाले. “दाजीऽऽ”

सगळी नावं पुन्हा झाली. बारक्याची ओ रडवेली होती. माझं नाव आलं. मी कमरेला पंचा गुंडाळून, हातात चहाचा पेला घेऊन उभा होतो.

“बंडूऽऽ”

“ओ,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

मग ते सगळे खाली मान घालून गप्प उभे राहिले. मीही राहिलो. भट्टी वाकली, रस ओतला गेला आणि ओतता ओतता त्याचे काही थेंब भट्टीच्या तोंडाखालच्या फटीतून खड्ड्यात पडले. ते पडल्यावर होणारा आवाज मी ऐकला. चर्र असा, फोडणीसारखा. माझ्या हातातला पेला सांडला.

“शेवटी गप्प का उभे राहता?” हीट संपल्यावर मी इलाहीला विचारलं.

“बावीस वर्सं झाली,” तो म्हणाला. “भट्टीचं आतलं अस्तर बसवायला ठेकेदारानं एक गवंडी आणला हुता. एक दिसासाठी. त्यो खाली उतरला आनि कुणाला म्हाईतच न्हाई. मामांनी भट्टी वाकवली. नंतर पोलीस इचारत हुते नाव काय, गाव कंचं. ठेकेदार पळाला. कुणालाच ठावं न्हवतं. पेपरातबी दिलं, कुणी आलं न्हाई. तवापासनं फाटकातनं आत येईल त्याचं नाव मामा आधी इचारत्यात. आनि त्याचं नाव ठावं न्हाई, म्हनून त्याच्या जागी नुसतं थांबत्यात.”

त्या रात्री मी नवा तक्ता केला. पंखे थांबवणे, एक मिनिट. नावे पुकारणे, तीन मिनिटे. शेवटी थांबणे, बारा सेकंद. अर्धा तास मातीच्या गाड्यांची वाट बदलून काढला. जेवण आणि चहा पूर्ण वेळ. फळा काढून टाकणे. शेवटी खाली सही: विश्वंभर खांबेटे. आणि सकाळी तो घेऊन मी धाकट्या साहेबांसमोर बसलो. खड्ड्यातलं सगळं सांगितलं, पँटीसकट. ते ऐकून साहेबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि बराच वेळ कागद वाचला. नोकरी गेली तर पुण्याला परत काय तोंड दाखवायचं, हे मनात घोळत होतं.

“हाकांचं ठीक आहे, समजलं,” ते म्हणाले. “गाड्यांचंही पटलं. पण हे शेवटचे बारा सेकंद कसले? दोन पाळ्या मिळून दिवसाच्या चौदा हिटा. ते तरी काढू या ना?”

“नाही, साहेब,” मी म्हणालो. त्यांना मी नाही म्हटल्याची ती पहिली वेळ. आवाज चिरकला नाही.

“का? कोणासाठी आहेत ते?”

“नाव माहीत नाही, साहेब.”